शुद्धिपत्र कपाट क्रमांक दोनमध्ये

"मंडळाच्या छापील कागदात एक जरी चूक सापडली, तर ही मिशी उतरवून तुमच्या टेबलावर ठेवीन," असं स्थानिक इतिहास मंडळाचे चिटणीस भर सभेत म्हणाले, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

भर सभा म्हणजे तशी सातच माणसं. त्यातला एक जण नुसता पंख्याखाली बसायला आलेला. पण चिटणीसांचा आवाज सातशे माणसांना पुरेल असा होता आणि मिशी त्या आवाजाला शोभेल अशी होती. सरकारी रेकॉर्ड रूममध्ये चिकटले त्या वर्षी त्यांनी ती राखली. एकतीस वर्षांनी ते निवृत्त झाले, मिशी मात्र सेवेत राहिली.

सभेचा विषय गंभीर होता. सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या अंगाला मंडळाची खोली होती. दोन लोखंडी कपाटं, एक टेबल, आठ खुर्च्या आणि एकदा उघडली की बंद न होणारी खिडकी, एवढाच तिचा पसारा. पण त्या दोन कपाटांत सगळं शहर घडी करून ठेवलेलं होतं. पुलाचा पहिला नकाशा, बंद पडलेल्या थिएटरची न फाडलेली तिकिटं, बाजारातल्या दुकानांच्या पाट्यांचे फोटो, आणि कोणी कोणाला लिहिली ते अजून कळलेलं नाही अशी दोनशे पत्रं. यातला प्रत्येक कागद चिटणीसांनी आपल्या हातानं पुसून, क्रमांक घालून ठेवलेला. स्वतःच्या मुलींची पाळण्यातली नावं त्यांना एखाद वेळ आठवत नसत, पण पत्र क्रमांक एकशे बाराच्या कोपऱ्याला चहाचा डाग आहे हे झोपेतसुद्धा सांगत.

ती खोली आता वाचनालयाला परत हवी होती. ग्रंथपालांनी लेखी कळवलं होतं की, मंडळाच्या कार्यक्रमांना माणसं येत नाहीत, मग खोली अडवून कशाला ठेवायची? येत्या जाहीर कार्यक्रमाला शेवटपर्यंत तीस माणसं थांबली तर खोली राहील. नाहीतर महिनाअखेर कपाटं उचलावीत. 'शेवटपर्यंत' या शब्दाखाली त्यांनी दोनदा रेघ मारली होती. मागच्या व्याख्यानाला बावीस जण आले होते आणि वक्त्यांनी घसा साफ करताच त्यातले सोळा उठून गेले होते, त्याचा हा राग.

"तीस माणसं आणणार कुठून?" अध्यक्षबाईंनी विचारलं. या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर चिटणीससुद्धा हात मागे बांधून उभे राहत.

"या हंगामाचा पहिलाच कार्यक्रम असा ठेवलाय की लोक धावत येतील," चिटणीस म्हणाले. "शहरातलं सर्वांत जुनं राहतं घर. पाहणी आणि माहिती. रविवारी सकाळी दहा ते बारा."

"आणि कार्यक्रमपत्रिका? ती नीट तपासाल ना?"

त्यावर ते मिशीचं वाक्य आलं.

आता हे सर्वांत जुनं राहतं घर होतं शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका म्हाताऱ्या सुतारकाकांचं. खाली कारखाना, वर दोन खोल्या, आणि मधे त्यांच्या पणजोबांनी एकाही खिळ्याशिवाय बसवलेला लाकडी जिना. पण सुतारकाकांचा होकार यायला वेळ लागला. म्हणून चिटणीसांनी पत्रिकेचा मजकूर लिहिताना 'ठिकाण' या शब्दापुढची जागा कोरी सोडली आणि तळाला 'चौकशीसाठी' म्हणून स्वतःच्या घरचा पत्ता घातला. छापखानेवाल्याला कोरी जागा बघवत नसे. कागदावर पत्ता एकच दिसला, त्यानं तो उचलून वर बसवला.

तपासणीची प्रत आली तेव्हा चिटणीस खोलीत एकटेच होते. चूक त्यांच्या पहिल्या नजरेत भरली. इतकी भरली की ते मोठ्यानं हसले. एकोणीस वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा आपला फ्लॅट, आणि म्हणे शहरातलं सर्वांत जुनं घर!

दुसरा कोणी असता तर लाल पेन घेऊन तिथल्या तिथे काट मारून मोकळा झाला असता. पण हे रेकॉर्ड रूममधले. मूळ कागदावर शाई लावायची नाही, टाचणी टोचायची नाही, घडी घालायची नाही, हे एकतीस वर्षं अंगात मुरलेलं. दुरुस्ती करायची ती वेगळ्या चिठ्ठीवर. चिटणीसांनी वेगळी चिठ्ठी घेतली. वळणदार अक्षरात 'शुद्धिपत्र' असं लिहिलं, खाली सुतारकाकांचा पूर्ण पत्ता लिहिला, तारीख घातली, सही केली, चिठ्ठी पाकिटात घातली, पाकिटावर क्रमांक टाकला आणि ते कपाट क्रमांक दोनमध्ये वरून तिसऱ्या कप्प्यात ठेवून कुलूप लावलं. मग तपासणीची प्रत, एक डागही न पाडता, सोबत 'मंजूर'चा शिक्का मारलेला वेगळा कागद जोडून छापखान्यात पाठवून दिली. काम नीट झाल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर दोन दिवस टिकलं.

पत्रिका छापून आल्या. पाचशे. चिटणीसांनी त्या पुन्हा वाचल्या नाहीत, कारण आपण तपासलेला कागद पुन्हा वाचणं म्हणजे स्वतःवर संशय घेणं. अध्यक्षबाईंनी वाचल्या नाहीत, कारण चिटणीसांनी तपासल्या होत्या. दोघांनी मिळून त्या शाळांत, दवाखान्यांत, बँकेत आणि केस कापायच्या दुकानांत वाटल्या.

त्या आठवड्यात चिटणीसांच्या घरी मात्र काहीतरी विचित्र चाललं होतं. सोमवारी पडदे धुतले गेले. बुधवारी पंखे पुसले गेले. शुक्रवारी शेजारून दोन सतरंज्या आल्या आणि पलंग सरकवून भिंतीला लागला. चिटणीसांची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, बोलणं हाच तिचा पेशा. तीच आठवडाभर फक्त 'जेवायला चला' एवढंच बोलत होती. बायकांना मधूनमधून आवराआवरीची लहर येते, असा चिटणीसांनी निष्कर्ष काढला आणि त्या लहरीच्या वाटेला गेले नाहीत.

रविवारी साडेनऊला ते इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल काखेत मारून सुतारकाकांकडे निघणार, तेवढ्यात बेल वाजली.

"आले वाटतं तुमचे लोक," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"माझे? कुठले लोक?"

"मला काय विचारता? बोलावलंत तुम्ही."

दारात तिघं होती. एक छत्रीवाल्या बाई, एक त्यांचे यजमान, आणि वही घेतलेले एक मास्तर. तिघांच्या हातात मंडळाची पत्रिका.

"सर्वांत जुनं घर हेच ना?" बाईंनी पायपुसण्यावर पाय पुसत विचारलं. "लवकर आलो थोडे. म्हटलं पुढे जागा मिळेल."

चिटणीसांनी पत्रिका हातात घेतली. सवयीनं आधी शुद्धलेखन पाहिलं. ते चोख होतं. मग पत्ता वाचला. तोही चोख होता, मजल्यासकट. त्यांच्या काखेतली फाइल खाली पडली.

"हे… हे शुद्धिपत्रात दुरुस्त केलेलं आहे," ते म्हणाले.

"कुठे आहे शुद्धिपत्र?" मास्तरांनी विचारलं.

"कपाटात."

मास्तरांनी वही उघडली आणि तेवढंही लिहून घेतलं.

ते कपाट कुठलं, कशाचं, हे विचारायच्या आतच जिन्यात पावलं वाजली. चार आले. मग सहा. मग एक वायरमन आपल्या बायकोला आणि सासूला घेऊन आला. बँकेतला सगळा काउंटर आला. बघता बघता बाहेरची खोली भरली, आतली खोली भरली, आणि उशिरा आलेले गॅलरीत उभे राहिले.

चिटणीस स्वयंपाकघरात गेले. "अगं, तुला हे ठाऊक होतं?"

"शेजारणीनं पत्रिका दाखवली सोमवारी. म्हटलं, तुम्ही आज सांगाल, उद्या सांगाल. घरी शंभर माणसं बोलवायची आणि बायकोला पत्ता नाही, हे तुमचं काही पहिल्यांदा झालेलं नाही."

"पण आपलं घर सर्वांत जुनं कसं असेल?"

"मला काय माहीत? इतिहास तुम्हाला कळतो," ती म्हणाली आणि चहाचं आधण वाढवलं.

यातून सुटायचा एकच मार्ग चिटणीसांना दिसला. सगळ्यांना घेऊन सरळ सुतारकाकांच्या घरी चालत सुटायचं. त्या विचारानं त्यांनी उमेदीनं बाहेर पाऊल टाकलं आणि समोर ग्रंथपाल उभे. अंगावर बंद गळ्याचा कोट, हातात माणसं मोजायचं छोटं यंत्र. बटण दाबलं की टक् करून एक आकडा पुढे.

"चौतीस," ग्रंथपाल म्हणाले. "मान गये, चिटणीस. बारा वाजता शेवटची मोजणी."

"आपण सगळे जरा दुसरीकडे जाणार आहोत. खरं ठिकाण…"

"छापलेलं ठिकाण हे आहे. मी मोजीन ते इथे. रस्त्यात हरवलेली माणसं मी धरणार नाही."

चिटणीसांच्या डोळ्यांपुढे दोन लोखंडी कपाटं हातगाडीवर चढताना दिसली. वरच्या कप्प्यातून पत्र क्रमांक एकशे बारा वाऱ्यावर उडताना दिसलं. दोन तास, चौतीस माणसं आणि एकोणीस वर्षांचा फ्लॅट. थाप मारली तर खोली वाचत होती.

आणि लोक थाप ऐकायला अगदी तयार होते.

"वाटत नाही हो एवढं जुनं," छत्रीवाल्या बाई म्हणाल्या. "छान ठेवलंय."

त्यांच्या यजमानांनी भिंतीवर टिचकी मारली. "चुनाच ना हा? पूर्वी गूळ घालायचे यात."

"डिस्टेंपर आहे," चिटणीस म्हणाले.

"वरून असेल. आतला चुना तसाच असणार."

"जुन्याचं असंच असतं," बँकेतल्या एकानं दुजोरा दिला. "दिसत नाही."

मास्तर वही सरसावून दाराच्या चौकटीपाशी उभे होते. "हा दरवाजा कुठल्या काळातला?"

चौतीस माना वळल्या. चिटणीसांनी तोंड उघडलं. सनावळ्या जिभेवर तयार होत्या. शहराच्या इतिहासातल्या कुठल्याही वर्षाचा दरवाजा ते उभ्या उभ्या करून देऊ शकत होते, आणि या खोलीतल्या एकालाही त्यातलं खरंखोटं कळलं नसतं. पण ज्या माणसानं आयुष्यात कागदावर खोटी तारीख घातली नाही, त्याच्या तोंडून ती निघणार कशी?

"एकोणीस वर्षांपूर्वीचा," ते म्हणाले. "तयार मिळतात त्यातला. मंडळी, हे घर जुनं नाही. हे माझं घर आहे. पत्रिकेत चूक झालीय आणि ती चूक माझी आहे. मला दिसली होती. मी ती वेगळ्या चिठ्ठीवर सुधारली आणि चिठ्ठी कपाटात ठेवली. चूक सापडली तर मिशी उतरवीन असं मी म्हणालो होतो. ती आज उतरेल. तुमची रविवारची सकाळ वाया घालवली, त्याची मला फार लाज वाटते."

मग कोणीतरी छत्री शोधू लागलं. बँकेतले पाच जण घड्याळाकडे पाहत दाराकडे सरकले आणि जिना उतरून गेलेसुद्धा. ग्रंथपालांनी यंत्र खिशात घालायला सुरुवात केली.

"त्या दरवाज्याचं मी सांगते," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

एक्स्चेंजमध्ये कमावलेला आवाज. जाणारी माणसं जिथल्या तिथे थांबली. चिटणीसांची बायको हात पुसत पुढे आली आणि तिनं चौकटीवर बोट ठेवलं. तिथे पेन्सिलीच्या रेघांच्या तीन रांगा होत्या.

"ही थोरली. ही धाकटी. ही तिसरी शेजारच्या मुलाची, कारण त्यांच्याकडे नवा रंग दिला होता आणि त्याच्या आईनं रेघा मारायची बंदी केली होती. ही बघा, धाकटी इथे एकदम दोन बोटं वाढलीय. वाढली नव्हती. टाचा उचलल्या होत्या. ताईएवढं व्हायचं होतं तिला. तारीख हवी असेल तर आहे माझ्याकडे."

"तारीख?" मास्तर म्हणाले.

"तारीख?" चिटणीसही म्हणाले.

ती आत गेली आणि दारामागच्या खिळ्यावरून कॅलेंडरांचा गठ्ठा काढून घेऊन आली. एकोणीस कॅलेंडरं. दर वर्षी तिनं जुन्यावरच नवं टांगलं होतं, एकही फेकलं नव्हतं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक, स्वच्छ अक्षर. चिटणीस रोज त्या खिळ्यावर टोपी टांगत. टोपीखाली काय आहे हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"आपण मे महिन्यात राहायला आलो," ते क्षीणपणे म्हणाले.

"तेवीस एप्रिल," बायको म्हणाली आणि सगळ्यात खालचं कॅलेंडर उघडून दाखवलं. 'सामान आलं. कपाट दारातून जाईना. दोरानं गॅलरीतून वर घेतलं. अर्धा रस्ता बघायला उभा.'

लोक ते कपाट बघायला आतल्या खोलीत घुसले. कपाट तिथेच होतं. आलं होतं त्याच जागी एकोणीस वर्षं उभं होतं, कारण ते दारातून बाहेर काढता येत नव्हतं.

मग कोणी बसायला तयार होईना. कॅलेंडरं हातोहात फिरू लागली. वायरमनच्या सासूनं चष्मा लावून मोठ्यानं वाचायला घेतलं. "नळ गळतोय. यांना सांगितलं." दुसऱ्या दिवशी: "नळ गळतोय. यांना पुन्हा सांगितलं." पुढच्या आठवड्यात: "नळ. सांगितलं." पानं उलटत गेली, नळ गळत गेला. सात महिन्यांनंतर एका चौकोनात लिहिलं होतं: "नळ मी बदलून घेतला. यांच्या लक्षात आलेलं नाही."

"आत्ता आलं," चिटणीस म्हणाले आणि खोली हसून हसून हलली.

त्यांची जी काही अब्रू होती ती त्या तासाभरात पानापानानं गेली. लग्नाचा वाढदिवस विसरले ती चार वर्षं निघाली. कुकर फुटला तेव्हा ते आधी पत्रांची पेटी घेऊन पळाले आणि मग बायकोची चौकशी करायला परत आले, हेही निघालं, आणि छतावरचा डाग पुरावा म्हणून दाखवण्यात आला. पण एका पानाशी वाचणाऱ्या सासूबाई जरा थबकल्या आणि आवाज उतरवून त्यांनी वाचलं: "धाकटीला पहिली नोकरी. हे आनंदानं दारामागे जाऊन रडले. मी पाहिलं नाही असं केलं."

चिटणीस दारामागे बघत राहिले. त्यांना वाटत होतं, ते कोणालाच माहीत नाही. एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे कागद जपले होते, आणि घरात ही बाई त्यांना जपत होती, तारीखवार. त्यांना जे वाटलं, तो अभिमान होता. शहराच्या पुलाबद्दल, थिएटरबद्दल, कशाबद्दलच त्यांना इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

सव्वाअकराला अध्यक्षबाई आल्या. सुतारकाकांच्या ओट्यावर तासभर ताटकळल्यावर कोणीतरी त्यांना पत्रिका वाचून दाखवली होती. सुतारकाकांना रिक्षात घालून त्या थेट इथे धडकल्या होत्या, आणि वर्गात गोंधळ घालणाऱ्यांना तीस वर्षं दाखवलेला चेहरा त्यांनी जिन्यातच चढवला होता.

"चिटणीस," त्या म्हणाल्या. "उभे राहा."

चिटणीस उभेच होते. ते आणखी उभे राहिले.

पण त्यांच्या मागून आलेले सुतारकाका बोलणं न ऐकता सरळ आतल्या खोलीत गेले होते. त्यांनी कपाटाच्या फळीखाली हात घातला आणि बोटांनी काहीतरी चाचपलं.

"हे माझ्या हातचं," ते म्हणाले. "इथे खूण आहे माझी. नव्या इमारतीतलं गिऱ्हाईक होतं. दार मोजायला विसरलो होतो मी. गिऱ्हाइकाला म्हटलं, कारागिरीत असंच असतं. एकोणीस वर्षं या घराच्या रस्त्यानं गेलो नाही."

अध्यक्षबाईंनी सुतारकाकांकडे पाहिलं, चिटणीसांकडे पाहिलं, आणि चेहरा उतरवून ठेवून सतरंजीवर बसल्या. "सगळा वर्ग एकाच माळेचे मणी," एवढंच म्हणाल्या, आणि कोणीतरी त्यांच्या हातात सहाव्या वर्षाचं कॅलेंडर दिलं.

बाराला दहा मिनिटं होती. ग्रंथपालांनी यंत्र काढलं आणि खोल्याखोल्यांतून फिरले. टक्, टक्, टक्.

"एकोणतीस," ते म्हणाले.

"मी आहे की. आणि हे सुतारकाका," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"तुम्ही मंडळाच्या. ते ठरल्याप्रमाणे यजमान. चिटणीस आणि वहिनी घरचे. नियम म्हणजे नियम." ग्रंथपालांनाही वाईट वाटत होतं. त्यांच्या काखेत चौदाव्या वर्षाचं कॅलेंडर होतं आणि मधे बोट घालून ठेवलेलं होतं. पण माणूस नियमाचा. चिटणीसांना त्यांचा रागही येईना, कारण त्यांच्या जागी असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

पाच जण गेले नसते तर, असं प्रत्येकाच्या मनात होतं. तेवढ्यात वायरमन दाराशेजारच्या बटणांकडे बघत म्हणाला, "वहिनी, हे चौथं बटण कशाचं?"

"कशाचंच नाही. पहिल्या दिवसापासून काही लागत नाही त्यानं. दर रविवारी पुसते आपली."

"बटण म्हटलं की कशाचं तरी असणारच," वायरमन म्हणाला आणि त्यानं ते दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बनियनवर दारात उभे राहिले.

"कोण वाजवतंय बेल?" ते धापा टाकत म्हणाले. "दर रविवारी सकाळी वाजते, दार उघडलं की कोणी नाही. एकोणीस वर्षं! मी दोनदा दरवाजा बदलला, एकदा कुत्रा पाळला. बायको म्हणते, तुम्हाला भास होतात."

वायरमननं बटण दाबलं. खालून बेलचा आवाज स्पष्ट ऐकू आला. बिल्डिंग बांधणाऱ्यानं तारा कुठल्या कुठे जोडल्या होत्या. त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते चिटणीसांनी फार थोड्या वेळा पाहिलं होतं. जुना कागद हाती लागून खरं काय ते एकदाचं कळतं, तेव्हा तसं होतं.

"बसा ना," चिटणीसांची बायको म्हणाली. "कधी कधी वाजली असेल ते तारखांनिशी दाखवते. पुसलं की लिहिते मी."

"तारखांनिशी? थांबा, आमच्या हिलाही दाखवायला हवं," म्हणत ते गृहस्थ सतरंजीवर टेकले आणि बारा वाजून गेले तरी उठले नाहीत.

टक्.

"तीस," ग्रंथपाल म्हणाले. "शेवटपर्यंत."

खोली राहिली. ग्रंथपालांनी तिथल्या तिथे कागदावर लिहून दिलं, आणि तो कागद हातात घेतल्यावर चिटणीसांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादा मूळ दस्तऐवज घडी घालून खिशात ठेवला. खिसा छातीवरचा होता म्हणून.

त्या संध्याकाळी दिलेला शब्द पाळला गेला. मिशी पाकिटात घालून अध्यक्षबाईंच्या टेबलावर पोचली आणि त्यांनी तिची पोच दिली. कॅलेंडरावर त्या दिवशीच्या चौकोनात नोंद झाली: "तीस माणसं आली. नळाचं सगळ्यांना सांगितलं. मिशी गेली. चेहरा बरा आहे."

पुढच्या रविवारी सगळा गोतावळा सुतारकाकांच्या खऱ्याखुऱ्या जुन्या घरी गेला. बासष्ट माणसं आली, कारण पहिल्या तिसांनी आपापल्या घरी काय काय सांगितलं होतं देव जाणे. बिनखिळ्यांच्या जिन्यावर उभं राहून सगळ्यांचा फोटो निघाला. चिटणीसांची बायको मंडळाच्या कार्यकारिणीवर एकमतानं निवडली गेली आणि छापील कागद तपासायचं काम तिच्याकडे गेलं. चिटणीसांनी तो ठराव स्वतः मांडला, आणि मांडताना त्यांची मान ताठ होती. दिसेल त्याला ते सांगत सुटले, "आमच्या घरी एकोणीस वर्षांचं अस्सल दफ्तर आहे. जतन करणारी माझी बायको."

नव्या हंगामाची कार्यक्रमपत्रिका छापून आली तेव्हा वर तो फोटो होता. पहिला कार्यक्रम: 'घरातलं कॅलेंडर वाचायचं कसं?', वक्त्या चिटणीसांच्या सौभाग्यवती. तारीख बरोबर, वेळ बरोबर, ठिकाण वाचनालयाची मागची खोली. चिटणीसांनी अभिमानानं प्रत्येक ओळ वाचली आणि शेवटी फोटोखालची वाचली.

'पुढच्या पायरीवर, डावीकडून: अध्यक्ष, ग्रंथपाल, वक्त्या, सुतारकाका आणि एक प्रेक्षक.'

छापखानेवाल्यानं चिटणीसांना आजवर मिशीसकटच पाहिलं होतं.

"अगं, हे तू तपासलंस ना?" चिटणीसांनी विचारलं.

"तपासलं की. लगेच दिसलं मला."

"मग?"

"मग काय? छापील कागदावर शाई लावायची नाही, तुम्हीच शिकवलंत," बायको म्हणाली. "वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवलंय, तो प्रेक्षक म्हणजे आमचे हे. दुसऱ्या कपाटात, वरून तिसरा कप्पा. तुमच्या पाकिटाशेजारी."